अधूनमधून येणारा ५०२ बॅड गेटवे: रीस्टार्टने जातो आणि पुन्हा येतो

साइट चालू असते. पानं उघडतात, लॉगिन होतं, सगळं ठीक दिसतं. आणि मधूनच एखाद्याने फॉर्म पाठवला की पांढऱ्या पानावर ‘५०२ बॅड गेटवे’ आणि खाली ‘एंजिनएक्स’ एवढंच येतं. तो पुन्हा बटण दाबतो, काम होऊन जातं. तक्रार तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग कोणीतरी खबरदारी म्हणून अ‍ॅप आणि वेब सर्व्हर दोन्ही रीस्टार्ट करतं, थोडे दिवस शांततेत जातात, आणि पुन्हा तेच. लोड टेस्ट लावली, म्हणजे मुद्दाम गर्दी करून पाहिलं, तर एकही ५०२ येत नाही. गर्दी नसताना मात्र तो हमखास डोकावतो.

ही लक्षणं जुळत असतील तर दोष बहुतेक वेळा एंजिनएक्स या वेब सर्व्हरचाही नसतो आणि तुमच्या कोडचाही नसतो. तो दोघांच्या मधल्या कनेक्शनमध्ये असतो: मोकळं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं, याचे दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हे कसं ओळखायचं, कसं सिद्ध करायचं आणि कायमचं कसं मिटवायचं ते खाली लिहितो. शेवटी याच चेहऱ्याचे दुसरे आजारही थोडक्यात घेतो, कारण ५०२ म्हटलं की सगळे एकाच औषधाच्या मागे लागतात. सेटिंगांची नावं मी बोलतो तशी लिहिली आहेत. एंजिनएक्सच्या फाइलमध्ये त्यांच्या शब्दांमध्ये अंडरस्कोर येतो.

५०२ नक्की काय सांगतो

इगोर सिसोयेव्ह यांनी एंजिनएक्स २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तो आजही बीएसडी परवान्याखाली मिळतो. तुमचा प्रोग्राम तो स्वतः चालवत नाही. ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट तो मागच्या प्रोसेसकडे एचटीटीपी, फास्टसीजीआय, एससीजीआय किंवा यूडब्ल्यूएसजीआय अशा ठरलेल्या प्रोटोकॉलने पोचवतो आणि आलेलं उत्तर परत देतो. मागे पीएचपी आहे की पायथन, नोड, गो, रुबी की जावा, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून तर तो कुठल्याही भाषेपुढे उभा राहू शकतो.

याचीच दुसरी बाजू अशी की त्याची त्रुटीही भाषेबद्दल काही बोलत नाही. ५०२ म्हणजे ‘मागच्याकडून मला धड उत्तर मिळालं नाही’. ५०४ म्हणजे ‘ठरलेल्या वेळेत मिळालं नाही’. हा फरक पक्का लक्षात ठेवा. ५०२ आला म्हणून प्रॉक्सी रीड टाइमआउट ६० सेकंदांवरून ३०० करणारे खूप आहेत. त्या सेटिंगचा संबंध ५०४ शी आहे. ती वाढवून हा ५०२ जात नाही, फक्त खरोखर अडकलेल्या रिक्वेस्ट आणखी उशिरा कळतात.

रीस्टार्ट करण्याआधी

रीस्टार्ट करू नका, निदान लगेच तरी. चालू प्रोसेसची अवस्था, उघडी कनेक्शनं, सॉकेटच्या रांगा हे सगळं त्यात पुसलं जातं आणि तपास पुन्हा शून्यावर येतो. आधी एरर लॉग उघडा. बहुतेक लिनक्स यंत्रणांवर तो व्हार, लॉग, एंजिनएक्स या फोल्डरमध्ये असतो. तक्रारीच्या वेळेची ओळ शोधा आणि तिच्यातला कंसातला आकडा वाचा. तो आकडा लिनक्स कर्नलकडून आलेला असतो आणि तिथेच अर्धं निदान होतं.

१११, म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड: त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही. अ‍ॅप बंद पडलं आहे किंवा भलत्याच पत्त्यावर चालू आहे. २ असेल तर सॉकेटची फाइलच जागेवर नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. ११ म्हणजे सॉकेटची रांग भरून वाहते आहे. ११० म्हणजे वेळ संपली आणि ब्राउझरला ५०४ गेला. आणि १०४, कनेक्शन रीसेट बाय पीअर, म्हणजे समोरच्याने तोंडावर दार लावलं. याच १०४ चा एक भाऊ आहे, त्याच्यात आकडा नसतो (अपस्ट्रीम म्हणजे मागचा सर्व्हर): ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर’. अधूनमधून येणाऱ्या ५०२ च्या लॉगमध्ये या दोघांपैकी एक जण बहुधा भेटतोच.

दुसरं काम अ‍ॅक्सेस लॉगचं. त्याच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये मागच्या सर्व्हरबद्दल काहीच नसतं. लॉग फॉरमॅटमध्ये चार व्हेरिएबल घाला: अपस्ट्रीम अ‍ॅड्रेस, अपस्ट्रीम स्टेटस, अपस्ट्रीम कनेक्ट टाइम आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम. अडचण असो वा नसो, प्रत्येक सर्व्हरवर ही चार व्हेरिएबल असायलाच हवीत असं माझं ठाम मत आहे.

ती घातल्यावर एक दिवस लॉग जमू द्या आणि मग वाचा. ज्या ओळीत ५०२ आहे तिथे रिस्पॉन्स टाइम ०.००१ किंवा ०.००० सेकंद दिसला, तर अ‍ॅपने ती रिक्वेस्ट वाचलीसुद्धा नाही. अ‍ॅपच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्या वेळी काहीच सापडणार नाही. ‘आमच्याकडे रिक्वेस्ट आलीच नाही’ असं अ‍ॅप लिहिणारे म्हणतात तेव्हा ते खरं बोलत असतात. कनेक्ट टाइमही ०.००० असेल तर आधीपासून उघडं असलेलं कनेक्शन पुन्हा वापरलं गेलं, असं समजायला जागा आहे. याच लॉगमध्ये काही ओळींत अपस्ट्रीम स्टेटसच्या जागी ‘५०२, २००’ असे दोन आकडे दिसतील. त्या ओळी बाजूला काढून ठेवा, त्यांचा उलगडा पुढे होतो.

मूळ दुखणं: आधी कोण बंद करणार

प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडणं महाग पडतं, म्हणून अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये कीपअलाइव्ह ३२ अशी ओळ घालतात. एचटीटीपी १.१ ठेवून कनेक्शन हेडर रिकामा केला की काम झाल्यावरही कनेक्शन उघडं राहतं आणि पुढच्या रिक्वेस्टला वापरलं जातं. सल्ला योग्यच आहे. पण उघडं कनेक्शन रिकामं बसलं असताना दोन्ही टोकांना आपापलं घड्याळ चालू असतं.

एंजिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकमधला कीपअलाइव्ह टाइमआउट काही न लिहिल्यास ६० सेकंद असतो. ही सेटिंग १.१५.३ या आवृत्तीपासून आहे. आता मागच्या बाजूचे आकडे पाहा. नोडच्या एचटीटीपी सर्व्हरमध्ये कीपअलाइव्ह टाइमआउट ८ व्या आवृत्तीत आला आणि वर्षानुवर्षं ५ सेकंदांवर राहिला. युव्हिकॉर्न हा पायथनचा सर्व्हर एकटा चालवला तर ५ सेकंद. तोच गनिकॉर्न या दुसऱ्या पायथन सर्व्हरचा वर्कर, म्हणजे काम करणारी प्रोसेस, म्हणून चालवला तर गनिकॉर्नची सेटिंग लागू होते आणि ती मुळात २ सेकंद आहे. मागे अपाची असेल तर तिथेही ५.

म्हणजे एंजिनएक्स धरून बसतो की हे कनेक्शन मिनिटभर माझं आहे, आणि मागचा पाचव्या सेकंदाला ते मिटवतो. एरवी त्याचं काही बिघडत नाही. मागच्याने मिटवलं की फिन पॅकेट, म्हणजे ‘कनेक्शन संपवतो’ असा निरोप, येतं, एंजिनएक्सला ते दिसतं आणि तो ते कनेक्शन गुपचूप काढून टाकतो. गडबड होते ती फक्त त्या अरुंद फटीत: मागच्याने फिन पाठवलं आहे, ते अजून पोचलं नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी एंजिनएक्सने त्या कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट लिहिली. फोनवर एकाने ‘ठेवतो’ म्हणून कट करावं आणि त्याच वेळी दुसऱ्याने नवा विषय काढावा, तसं. रिक्वेस्ट मिटलेल्या सॉकेटवर जाऊन आदळते, कर्नल रीसेट पाठवतं, लॉगमध्ये १०४ उमटतो.

आता सुरुवातीची लक्षणं लावून पाहा. गर्दी असते तेव्हा कनेक्शनांना रिकामं बसायला वेळच मिळत नाही, पाचवा सेकंद उजाडतच नाही, म्हणून लोड टेस्टमध्ये काही सापडत नाही. वर्दळ कमी झाली की दोन रिक्वेस्टमधलं अंतर पाच सेकंदांच्या आसपास येऊ लागतं आणि फट गाठली जाते. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर फट अगदी बारीक असते. मध्ये नेटवर्क असेल किंवा दोघांपैकी एक जण जड कामात अडकला असेल तर ती रुंदावते.

आणि फॉर्म पाठवतानाच का? पान उघडताना का नाही? खरं तर पान उघडतानाही हे होतं, फक्त दिसत नाही. जुनं कनेक्शन वापरताना गेट रिक्वेस्ट, म्हणजे नुसतं पान मागणारी, फसली तर एंजिनएक्स तीच रिक्वेस्ट नव्याने पाठवतो. बाजूला काढून ठेवलेल्या ‘५०२, २००’ वाल्या ओळी याच. पहिला प्रयत्न फसला, दुसरा जमला, वापरणाऱ्याला पत्ताही नाही. फॉर्म पाठवणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टबाबत मात्र १.९.१३ पासून तो असं करत नाही. रिक्वेस्ट एकदा पाठवून झाली की पोस्ट, लॉक आणि पॅच या पद्धती तो आपणहून पुन्हा पाठवत नाही, कारण पहिल्या वेळी मागे काम झालं होतं की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही.

इथे एक आडवाट सुचवली जाते: प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीममध्ये नॉन आयडेम्पोटंट हा शब्द घाला, पोस्टही पुन्हा पाठवली जाईल, ५०२ बंद. कृपा करून हे करू नका. ज्या दिवशी मागच्याने काम पूर्ण केलं आणि उत्तर देताना तो पडला, त्या दिवशी तीच ऑर्डर दोनदा नोंदली जाईल, पैसे दोनदा कापले जातील. दिसणारी त्रुटी परवडली. गुपचूप झालेली दुहेरी नोंद निस्तरणं फार वाईट.

उपाय

नियम एकच: रिकामं कनेक्शन नेहमी पुढच्याने, म्हणजे एंजिनएक्सने, आधी मिटवायचं. नवी रिक्वेस्ट पाठवणारा तोच असल्यामुळे तो स्वतःच्याच कनेक्शनवर गोंधळणार नाही. म्हणून मागच्याचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा हवा. एंजिनएक्सचे ६० तसेच ठेवा आणि मागे ७५ करा.

नोडमध्ये सर्व्हर ऑब्जेक्टवर कीपअलाइव्ह टाइमआउट ७५००० लिहा. हा आकडा मिलिसेकंदांत असतो, हे विसरू नका. नुसते ७५ लिहिले तर कनेक्शन डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटेल आणि ५०२ कमी व्हायचे ते वाढतील. युव्हिकॉर्नला टाइमआउट कीप अलाइव्ह आणि गनिकॉर्नला कीप अलाइव्ह हे पर्याय आहेत, दोन्ही सेकंदांत. गनिकॉर्नचा साधा सिंक वर्कर मुळात कनेक्शन उघडं ठेवतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

गोबद्दल थोडं सावकाश सांगतो, कारण तिथे फसगत होते. गोच्या नेट एचटीटीपी सर्व्हरला काही न सांगितल्यास रिकाम्या कनेक्शनवर वेळेची मर्यादा नसते, म्हणून सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. पुढे कोणीतरी सुरक्षेच्या सल्ल्यावरून रीड टाइमआउट ५ सेकंद करतं. आयडल टाइमआउट वेगळा दिलेला नसेल तर गो तोच रीड टाइमआउट रिकाम्या कनेक्शनलाही लावतो. त्या दिवसापासून ५०२ सुरू होतात, आणि ‘आम्ही तर फक्त सुरक्षा वाढवली’ म्हणून त्या बदलावर कोणाचा संशय जात नाही. आयडल टाइमआउट स्वतंत्रपणे ७५ सेकंद लिहा.

मागचं अ‍ॅप तुमच्या ताब्यात नसेल तर उलट बाजूने या: एंजिनएक्सचा अपस्ट्रीम कीपअलाइव्ह टाइमआउट मागच्यापेक्षा कमी करा. मागे ५ असतील तर पुढे ३ किंवा ४. काम भागतं, फक्त कनेक्शनं कमी वेळा पुन्हा वापरली जातात. एक सावधगिरी: याच नावाची सेटिंग एचटीटीपी आणि सर्व्हर ब्लॉकमध्येही चालते, पण तिथे ती ब्राउझरच्या बाजूच्या कनेक्शनांसाठी असते. बदल अपस्ट्रीम ब्लॉकच्या आत झाला आहे ना ते बघा. फाइल तपासायला एंजिनएक्स कमांडला छोटा टी, आणि खरोखर कुठली सेटिंग लागू आहे ते सगळ्या जोडलेल्या फाइलींसकट पाहायला मोठा टी. त्यानंतर रीलोड.

सुधारलं हे कसं कळणार

‘दोन दिवस तक्रार आली नाही’ हा पुरावा नाही. ही त्रुटी मुळातच कधीतरी येणारी आहे. खरा पुरावा एका कमांडवर मिळतो. दोन्ही प्रोसेस एकाच मशीनवर असतील तर एसएस कमांडने टाइम वेट अवस्थेतली सॉकेटं काढा. टीसीपीचा नियम आहे की जो आधी मिटवतो त्याच्याकडे टाइम वेट उरतो. स्थानिक पत्त्याच्या रकान्यात अ‍ॅपचा पोर्ट, समजा ३०००, दिसत असेल तर आधी अ‍ॅपने मिटवलं. तिथे एखादा मोठा तात्पुरता पोर्ट आणि समोरच्या रकान्यात ३००० असेल तर एंजिनएक्सने. बदलापूर्वी आणि बदलानंतर ही यादी काढून शेजारी ठेवा. रकाने उलटलेले दिसले की जोडणी बरोबर झाली. मशीन वेगवेगळी असतील तर टीसीपीडंप लावून फिन पहिल्यांदा कोणाकडून निघतं ते पाहा.

त्रुटी मुद्दाम उभी करायची असेल तर गर्दी करून उपयोग नाही. बदलापूर्वीच्या सेटिंगवर एकच पोस्ट रिक्वेस्ट पाच सेकंदांच्या थोडं अलीकडे-पलीकडे अंतर ठेवून पुन्हा पुन्हा पाठवत राहा.

याच चेहऱ्याचे दुसरे आजार

रिस्पॉन्स टाइम ०.००० नसून दर वेळी ३० सेकंदांच्या आसपास असेल, तर वरचं काहीही करू नका. गनिकॉर्न आपला वर्कर ३० सेकंद हालचाल दिसली नाही की मारून टाकतो. एंजिनएक्सला मध्येच तुटलेलं कनेक्शन दिसतं आणि तोच ‘प्रीमॅच्युअरली क्लोज्ड’ संदेश उमटतो. गनिकॉर्नच्या लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ सापडेल. दुखणं संथ क्वेरीचं आहे, इलाज तिथेच करा. वेळेत काही ठरावीकपणा नसेल आणि अ‍ॅप अचानक गायब होत असेल तर कर्नलचा लॉग पाहा. मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोसेस मारल्याची नोंद तिथे असते.

दर डिप्लॉयनंतर, म्हणजे नवी आवृत्ती चढवल्यावर, ५०२ येतो आणि एंजिनएक्स रीलोड केला की जातो? प्रॉक्सी पासमध्ये लिहिलेलं नाव एंजिनएक्स सुरू होताना एकदाच सोडवतो. कंटेनर नव्याने उठला, त्याचा आयपी बदलला, एंजिनएक्स जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा, सांगून नाव व्हेरिएबलमधून द्या. डॉकरच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये रिझॉल्व्हरचा पत्ता १२७.०.०.११ असतो. आवृत्ती १.२७.३ किंवा पुढची असेल तर अपस्ट्रीममधल्या सर्व्हर ओळीला रिझॉल्व्ह जोडता येतं, सोबत झोन मात्र लागतो.

मशीन रीबूट झाल्यावर दर वेळी २ किंवा १३ आकडा दिसत असेल तर कोणाचा तरी इलाज रीबूटमध्ये पुसला जातो आहे. रन हे फोल्डर मेमरीत असतं, त्यातलं हाताने बनवलेलं सॉकेटचं फोल्डर रीबूटनंतर उरत नाही. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये रनटाइम डिरेक्टरी लिहा. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा) चालू असलेल्या यंत्रणांवर १३ असेल तर एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट हे बूलियन चालू करावं लागतं, आणि तेही कमांडला मोठा पी देऊनच, नाहीतर रीबूटनंतर ते पुन्हा बंद.

ठरावीक वापरकर्त्यांनाच ५०२ येतो, बाकीच्यांना कधीच नाही: लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर’ शोधा. त्यांच्या कुकी किंवा टोकन एवढे फुगलेत की उत्तराचे हेडर ४ किंवा ८ किलोबाइटच्या बफरमध्ये मावत नाहीत. प्रॉक्सी बफर साइझ १६ किलोबाइट करा, पीएचपीसाठी फास्टसीजीआय बफर साइझ. मागे पीएचपी एफपीएम असताना ११ आकडा दिसला तर त्याच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे प्रोसेसची कमाल संख्या, गाठल्याची सूचना आहे का ते आधी बघा.

पत्त्यात लोकलहोस्ट लिहिलं असेल तर ते आत्ताच १२७.०.०.१ करा. लोकलहोस्टचे दोन पत्ते निघतात, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, आणि एंजिनएक्स त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजून आळीपाळीने विचारतो. अ‍ॅप एकाच पत्त्यावर ऐकत असेल तर दुसरीकडून १११ येत राहतो, लॉग भरतो, आणि खरी त्रुटी त्या ढिगाऱ्यात दिसेनाशी होते.

सगळं केलं तरी येतोच आहे

मग ५०२ एंजिनएक्स देतो आहे की त्याच्याही पुढचं कोणी, ते पाहा. तक्रारीच्या वेळी एंजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ५०२ नसेलच, तर पुढच्या लोड बॅलन्सरचं (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्याचं) आणि एंजिनएक्सचं तेच भांडण चालू आहे जे आपण आत्ता मागच्या बाजूला मिटवलं. अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर रिकामं कनेक्शन मुळात ६० सेकंद ठेवतो आणि एंजिनएक्सचा ब्राउझरच्या बाजूचा कीपअलाइव्ह टाइमआउट मुळात ७५ असतो, म्हणून कोणी हात लावला नाही तर दोघांचं जमतं. पण एंजिनएक्स वेगवान करण्याच्या सूचनांमध्ये हा ७५ चा आकडा १५ किंवा १० करायला हमखास सांगितलेलं असतं. एचटीटीपी ब्लॉकमध्ये तसं काही लिहिलेलं सापडलं तर ती ओळ काढा, रीलोड करा आणि लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये ५०२ मोजा.